एक बोट सैल

परबबाईंसमोर "चालतंय तसं चालू दे" असं म्हणायची सोय नव्हती. आमच्या शाळेच्या शिपायाने एकदा म्हटलं, आणि पस्तावला. कारण साधं होतं. संगणकाच्या खोलीतला छताचा पंखा खरखर वाजत होता. बाई आल्या होत्या वेगळ्याच कामाला. ते काम बाजूला ठेवून त्यांनी त्या शिपायाला स्टुलावर चढवलं, पंखा खाली उतरवायला लावला आणि पंख्याच्या टोपीतला सैल स्क्रू शोधून शिपायाच्या तळहातावर ठेवला.

"आवाज करतो म्हणजे कायतरी सांगतो ना तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकत नाय, त्याला तो काय करणार?"

लालबागच्या त्या शाळेत मी गणित शिकवत असे. एकदा शाळेची बिघडलेली विजेची घंटा माझ्या हातून योगायोगाने सुरू झाली, आणि तेव्हापासून वीज लागणारी जी वस्तू शाळेत येईल ती माझ्या गळ्यात पडू लागली. संगणकही तसाच पडला. आमची बहुतेक मुलं जुन्या गिरणी कामगारांच्या घरातली. दहावीला क्लास लावणं कुणाला परवडत नसे. म्हणून शाळेने ठरवलं की आपल्याच शिक्षकांचे धडे आवाज आणि चित्रासकट रेकॉर्ड करायचे आणि त्यांच्या सीडी मुलांना घरी द्यायच्या. त्यासाठी दमदार मशीन हवं होतं. कंपनीचं तयार मशीन आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं, "सर, चिंचपोकळीला परबबाई आहेत. त्या तुम्हाला हवं तसं बांधून देतील."

बाई आल्या त्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्कने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. पन्नाशीच्या आसपासचं वय, सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात डब्याची कापडी पिशवी. तो म्हणाला, "शिक्षकांचे डबे मागच्या दाराने द्यायचे हो."

बाईंनी पिशवी त्याच्याच टेबलावर ठेवली आणि त्यातून एकेक वस्तू काढली. तीन स्क्रूड्रायव्हर, रंगाचा जुना ब्रश, स्टीलच्या दोन वाट्या, एक जाड इंग्रजी पुस्तक आणि फुलवाले हार ओवायला वापरतात तो पांढरा दोरा.

"डबा नाय. हत्यारं आहेत," त्या म्हणाल्या. "मशीन कुठे ठेवायचं ते दाखवा."

तो क्लार्क पुढे त्यांना उठून खुर्ची देत असे.

त्यांच्या काही रीती ठरलेल्या होत्या. कामाला बसण्याआधी हातातली पाटली काढून पदराच्या टोकाला बांधायची. मग खोलीबाहेरच्या लोखंडी नळाला हात लावून यायचा. अंगातली वीज मशीनमध्ये जाऊन काही जळू नये म्हणून. नळाला हात न लावता कुणी त्यांच्या टेबलाशी आलं तर त्या मुख्याध्यापकांनासुद्धा परत पाठवत. काढलेले स्क्रू एका वाटीत, तपासलेले दुसऱ्या वाटीत. दसऱ्याला झेंडूचं फूल मॉनिटरवर ठेवायचं, खालच्या डब्यावर नाही, कारण पाकळी पंख्यात जाते. आणि मशीन सुरू केल्यावर घड्याळ न बघता मनातल्या मनात आकडे मोजायचे. पडदा पूर्ण उजळून बाणाशेजारचं फिरणारं चक्र थांबलं की त्या आकडा मोठ्याने सांगत. आमच्या मशीनचा आकडा पहिल्या दिवशी चाळीस आला. "चाळीस," त्या म्हणाल्या, आणि डब्याच्या आतल्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवला.

ही मोजायची सवय गिरणीतली; रीळ भरायला किती वेळ लागतो ते तिथे मनात मोजत. परबबाई लग्न होऊन मालवणकडून मुंबईत आल्या आणि परळच्या एका गिरणीत रीळ खात्यात लागल्या. फिरणाऱ्या यंत्रावर दोरा तुटला की तुटलेली दोन टोकं पकडून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायची, हे तिथलं काम. बाई सांगत, की गाठ हाताला लागता कामा नये आणि सुटा धागा डोळ्याला दिसता कामा नये. त्यांच्या बाजूला लीला सावंत आणि आणखी तिघी होत्या. पाचजणी मिळून डबा खात. मग संप झाला. नवरा "पंधरा दिवसांनी येतो" म्हणून गावी गेला आणि तिथल्या जमिनीतच रमला. बाई खोली धरून राहिल्या. पुढे अंधेरीकडच्या एका कारखान्यात टीव्हीच्या सर्किटवर डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या कामाला बायका हव्या होत्या. बारीक कामाला सरावलेले हात म्हणून बाईंना घेतलं. बाकीच्या बायका डाग देऊन घरी जात. या मात्र साहेबाला विचारत, "हा तुकडा कशाला असतो?" तो कारखानाही बंद पडला, तोवर यांना ते सगळे तुकडे पाठ झाले होते. मग त्यांनी चिंचपोकळीच्या आपल्या खोलीत टेबल मांडलं. पाटी वगैरे काही नाही. दाराला एक मेलेला कीबोर्ड टांगलेला असे, आणि कुणी पत्ता विचारला की चाळीतली पोरं "कीबोर्डवाल्या काकी" म्हणून थेट दारात आणून सोडत.

तर अशा या बाईंनी आमच्यासाठी मशीन बांधलं. लॅमिंग्टन रोडवर तीन दिवस फिरून, प्रत्येक भाग हातात घेऊन, दुकानदाराशी हुज्जत घालून. त्याचा डबा उघडला की बघत राहावं असं आत होतं. इतर मशिनींत तारांचं जंगल माजलेलं असतं. इथे प्रत्येक तार कडेने गेलेली आणि जागोजागी पांढऱ्या दोऱ्याने करकचून बांधलेली. डिस्कपासून मदरबोर्डकडे जाणारी तारांची रुंद चपटी पट्टीसुद्धा त्यांनी दुमडून, तिची सुरळी करून, तीन गाठींनी बांधून टाकली होती. "वारा खेळता राहायला हवा," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान मला अजून दिसतो.

शाळेची कमिटी खूश झाली. आमचे कार्यवाह कर्णिकसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ, म्हणाले की असंच चाललं तर मुलांसाठी दहा मशिनींची खोली करू आणि तीही बाईंकडूनच बांधून घेऊ. जिन्यात बाईंनी मला थांबवलं.

"सर, दहा मशीन मी एकटी नाय बांधणार. लीलाला घेईन. चौघींना घेईन. लीला पंचवीस वर्षं लोकांची भांडी घासते हो. तिच्या हातासारखा हात नाय. बोलवलं तर म्हणते, माका जमूचा नाय. पण दहा मशिनींचं काम समोर आलं तर येईल ती. मी ओढून आणीन."

आणि पंधरा दिवसांनी ते मशीन रेंगाळू लागलं.

सुरू व्हायला वेळ लागायचा. चाळीसच्या जागी ऐंशी, मग शंभर, मग दोनशेच्या वर. आणि सुरू झालं तरी अडखळायचं. आमच्या संस्कृतच्या जोशीबाई कडक शिस्तीच्या. त्यांचा रेकॉर्ड केलेला धडा लावला की 'रामः रामौ रामाः' ऐवजी 'रा... रा... रा... मः' असं ऐकू येई, आणि पडद्यावर जोशीबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. पोरं हसून लोळायची. जोशीबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं.

कर्णिकसाहेबांनी एका दुकानातला माणूस बोलावला. त्याने व्हायरस आहे म्हणून सगळं पुसून नव्याने भरलं. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा रा-रा-रा. दुसरा आला, तो झाकण उघडून आत बघत राहिला, मग म्हणाला, "बांधलेली मशिनं अशीच असतात साहेब. ब्रँडेड घ्या, झंझट नको." कमिटीतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कर्णिकसाहेब मला म्हणाले, "शनिवारी सकाळी कमिटी आहे. तोपर्यंत हे नीट चाललं तर ठीक. नाहीतर दहाही मशिनं कंपनीकडून. त्या बाईंना स्पष्ट सांगा."

मी सांगितलं. बाईंनी पाटली काढली, पदराला बांधली आणि नळाकडे गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "कारण सापडल्याशिवाय झाकण लावायचं नाय. सर, तुम्ही वही घ्या. मी काय काय करते ते सगळं लिहा. सगळं."

त्यांचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं तर कशाने झालं ते कळत नाही, आणि न कळता बरं झालेलं त्यांच्या लेखी बरं झालेलंच नसे. मेमरी बदलली, मशीन होतं तसंच. मशीनला वीज पुरवणारा आतला डबा बदलला, तरी तसंच. मग लॅमिंग्टन रोडवरून नवी डिस्क आणली, त्यावर सगळं पुन्हा भरलं. आकडा चाळीस! मी आनंदाने टाळीच वाजवली. बाईंनी वाजवली नाही. बुधवारी आकडा दीडशेवर गेला. गुरुवार उजाडला. मी मनातून हरलो होतो, खरं सांगायचं तर. एका मशीनसाठी ही बाई इतकी झिजते आहे याचा मला थोडा रागही येत होता. म्हटलं, "बाई, एखाद्या कामाला नसतं यश. जाऊ द्या."

"वही वाचा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मी वाचू लागलो. "सोमवार. मेमरी काढली, दुसरी बसवली. तारा जागच्या जागी लावल्या. दोरा बांधून झाकण लावलं. सोमवार, दुपारी. विजेचा डबा बदलला. दोरा बांधून झाकण लावलं. मंगळवार. डिस्क बदलली, सिस्टिम भरली, चाळीस. दोरा बांधून झाकण..."

"थांबा."

बाई डब्याकडे बघत होत्या. मग त्यांनी कात्री उचलली आणि चपट्या पट्टीवरच्या तिन्ही गाठी कापल्या. पट्टी हळूच उलगडली. गाठी होत्या त्या तिन्ही ठिकाणी बारीक पांढरट घड्या पडल्या होत्या. दोरा रोज थोडा थोडा आत रुतत गेला होता.

"सगळं बदललं," त्या म्हणाल्या. "माझी गाठ नाय बदलली."

आम्ही दोघांनी चार दिवस त्या मशीनच्या प्रत्येक भागावर संशय घेतला, पण त्या सुरेख गाठींवर घ्यावा असं आमच्या मनात आलं नव्हतं. रीळ खात्यात जी गाठ करकचून मारली नाही तर कपडा बिघडतो, तीच इथे मशीनच्या नरड्याला लागली होती. बाईंचा चेहरा उतरला. त्यांना मी पहिल्यांदाच तसं पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. त्या मात्र दोन मिनिटांत उठल्या, नवी पट्टी आणायला गेल्या आणि संध्याकाळच्या आत ती बसवून, दोरा न बांधता मशीन सुरू केलं.

मोजत मोजत त्या दोनशेवर गेल्या.

मला रडू यायचं बाकी होतं. बाई म्हणाल्या, "उद्या माझं घरचं मशीन घेऊन येते."

शुक्रवारी सकाळी त्या टॅक्सीतून आपलं मशीन चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. दोन्ही मशिनं शेजारी ठेवली. "दोन रिळांतलं कुठलं खराब ते कळत नसलं की आम्ही शेजारी ठेवून बघायचो," त्या म्हणाल्या. दोन्ही पडद्यांवर सिस्टिमची तीच ती पानं उघडायची, डावीकडे त्यांचं बोट, उजवीकडे माझं, आणि एकेक ओळ वाचायची. इंग्रजी त्या अक्षर अक्षर लावून वाचत. अडलं की ते जाड पुस्तक उघडत. त्याच्या पानापानावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले होते. मी दोनदा वर्गावर जाऊन आलो. बाई जागच्या हलल्या नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास त्यांचं बोट थांबलं.

"सर, तुमच्याकडे काय लिहिलंय?"

त्या एका ओळीत दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं होतं. डिस्कवरचा माल, म्हणजे माहिती, कसा वाहून न्यायचा त्याची ती नोंद. त्यांच्या मशीनवर वेगाची पद्धत, आमच्या मशीनवर सावकाशीची. बाईंनी पुस्तकात शोधलं, दोनदा वाचलं आणि मला समजावलं. "पट्टी दुमडली तशा मालात चुका यायला लागल्या. चार-सहा वेळा चूक झाली तेव्हा मशीनने ठरवलं, आता धावायचं नाय, जपून एकेक पाऊल टाकायचं. नव्याने भरलं की ते विसरायचं, पण पट्टी तीच, म्हणून पुन्हा चुका. आपण पट्टी बदलली. पण त्याला कोणी सांगितलंच नाय, की बाबा, रस्ता आता बरा आहे."

त्यांनी ती नोंद काढून टाकली, म्हणजे मशीनने आपली तब्येत पुन्हा पहिल्यापासून तपासावी. मशीन बंद केलं, सुरू केलं. ओठ हलत होते. चक्र थांबलं.

"चाळीस."

मी जोशीबाईंचा धडा लावला. 'रामः रामौ रामाः' असं एका दमात, खणखणीत. बाहेर व्हरांड्यातून जाणाऱ्या जोशीबाई क्षणभर थांबल्या आणि तोंड फिरवून पुढे गेल्या. मी हसत होतो. बाई पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"लीलाचं असंच झालंय, सर," त्या म्हणाल्या. "आमच्या सगळ्यांचंच. एकदा आपटलो ते अजून जपून चालतो. तिला जाऊन सांगायला हवं कोणीतरी."

शनिवारी कमिटीला जाण्याआधी मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "मशीन चालतंय ना, मग झालं. गाठीचं बोलू नका. एक भाग खराब निघाला, बदलला, एवढंच सांगा. खोटंही नाही ते."

बाई पायरीवर थांबल्या. "संपात आम्हाला रोज कोण ना कोण सांगायचं. गणपतीपर्यंत उघडेल. दिवाळीला उघडेल. आमचं मन राखायला सांगायचे, वाईट नव्हते ते लोक. पण खरं काय ते पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं ना, तर लीलासुद्धा माझ्याबरोबर अंधेरीला आली असती. दिवाळीची वाट बघत बसली ती." मग पदर सारखा केला. "मी कोणाचं मन राखणार नाय."

कमिटीसमोर त्यांनी जुनी पट्टी टेबलावर ठेवली, घड्या दाखवल्या आणि म्हणाल्या, "दोष माझा होता. मशीनचा नाय, दुकानदाराचा नाय. गाठ मी घट्ट मारली. तीनदा उघडून पुन्हा तशीच मारली. आता कळलं."

कुणीतरी खोकलं. मी मान खाली घातली, कारण मला वाटलं की गेलं, सगळं गेलं. कर्णिकसाहेबांनी पट्टी उचलून उजेडात धरली.

"म्हणजे पुढच्या मशिनींत दोरा बांधणार नाही?"

"बांधणार. या मशीनलाही बांधणार. नाय बांधला तर तारा पंख्यात जातील. पण एक बोट ठेवून बांधणार. गाठीत करंगळी गेली पाहिजे."

कमिटीतला एकजण कंपनीचं नाव काढू लागला, त्याला कर्णिकसाहेबांनी हाताने थांबवलं. "दुकानातल्या दोघांनी मला मशीनला नावं ठेवून दाखवली," ते म्हणाले. "चूक दाखवली ती या बाईंनीच, आणि स्वतःची. तूर्त चार मशिनं द्या त्यांना. ती बघून पुढचं."

दहा मागायला गेलेल्या बाई चारवर आल्या होत्या. त्या कसनुशा होतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "चार तर चार. चौघीच आहेत."

मी एकदा चिंचपोकळीच्या त्या खोलीवर गेलो होतो, तेव्हा चौघी टेबलाभोवती बसल्या होत्या. लीला सावंत सगळ्यात किरकोळ, हात साबणाने सोललेले. तिच्यापुढे डबा उघडा होता आणि ती तारेला हात लावायला बिचकत होती. परबबाई मागे उभ्या.

"बांध गो."

"जळला बिळला तर?"

"जळला तर दुसरा आणू. बांध."

लीलाने दोरा घेतला. पुढचं मला नीट दिसलंच नाही, इतक्या चटकन ती गाठ पडली. पंचवीस वर्षांनी. बाकीच्या तिघी हसल्या, आणि लीला आपल्याच बोटांकडे बघत राहिली.

"बोट घातलंस काय?" बाईंनी विचारलं.

लीलाने करंगळी गाठीत घालून दाखवली.

ती चार मशिनं चांगली चालली, आणि उरलेली सहाही तिथूनच आली. पुढे शेजारच्या दोन शाळांची कामं त्यांनी केली. दहा-बारा वर्षं मुलं त्या मशिनींवर शिकली. मग नवी, चपटी मशिनं आली आणि जुनी भंगारात द्यायचं ठरलं. मी बाईंना निरोप पाठवला. येतील असं वाटलं नव्हतं, पण ठरल्या वेळी हजर झाल्या. केस पांढरे, चाल मंद, हातात तीच डब्याची पिशवी. भंगारवाला गाडी लावून दारात उभा होता. बाईंनी त्याला थांबायला सांगितलं, पाटली काढली, नळाला हात लावून आल्या.

आमचं ते पहिलं मशीन त्यांनी वायर लावून सुरू केलं. ओठ हलू लागले. मीही मनात मोजत होतो.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस म्हणा."

मग मशीन बंद करून झाकण उघडलं. आत धूळ होती, पत्र्यावरचा खडू पुसट झाला होता, दोरा पिवळा पडला होता. पट्टीवरच्या पहिल्या गाठीत करंगळी घालायला त्यांनी हात पुढे केला. बोटांची पेरं सुजून जाड झाली होती. करंगळी आत जाईना. त्यांनी दुसऱ्या हाताची लावून बघितली, तीही जाईना.

त्यांनी हात मागे घेतला. "सर, तुम्ही घाला."

मी घातली.

"गेली?"

"गेली."

"सैल आहे?"

"सैल आहे, बाई."

त्यांनी झाकण लावलं, चारही स्क्रू नीट पिळले आणि भंगारवाल्याकडे वळल्या.

"आता न्या," त्या म्हणाल्या.